विषय : तळघरातून रात्री येणारा आवाज

श्टोल : पाय पुसलेत?

ओल्टमान्स : पुसले.

श्टोल : दोन्ही?

ओल्टमान्स : हेर श्टोल, चार दिवस मी या तळघरात येतेय, चार दिवस पाय पुसतेय. सर्व्हरला माझ्या पायांशी काही देणंघेणं नाही.

श्टोल : सर्व्हरला नसेल, फरशीला आहे. तीन हात रंग दिलाय तिला, या माझ्या हातांनी. नगरपालिकेनं साधा ब्रश दिला नाही. आता तुम्हा समुद्राकाठच्या लोकांना चिखलाचं काही वाटत नाही, त्याला मी काय करू?

ओल्टमान्स : एवढंच करा. त्या खुर्चीवर बसा आणि दहा मिनिटं बोलू नका. बारापासून चाचणी चालू आहे, मला आकडे बघू द्या.

श्टोल : बसतो. ब्रेत्सल देऊ? सकाळचा आहे, पण लोणी आत्ताच लावलंय.

ओल्टमान्स : नको.

श्टोल : आज शेवटचा दिवस ना हो तुमचा?

ओल्टमान्स : दहा मिनिटं म्हटलं होतं मी. हो, शेवटचा. चार वाजता आमच्या संगणक केंद्राकडे अहवाल जाणार. त्यात एक रकाना आहे, बॅकअप रेंगाळण्याचं कारण. तो भरलेला असला तर तुमची यंत्रं इथेच राहतील. कोरा असला तर सोमवारी केंद्राचा ट्रक येईल आणि ही पेटी उचलून नेईल.

श्टोल : साठ किलोमीटर लांब.

ओल्टमान्स : बासष्ट.

श्टोल : गाड्यांची नोंदणी नेली तेव्हाही म्हणाले होते, काही फरक पडणार नाही. मग कोर्ट गेलं. मग बँकेची शाखा गेली, तिथे आता नखं रंगवून देतात. प्रसूतिगृह बंद झाल्याला सहा वर्षं झाली. म्हणजे या गावात जन्माला यायचं असेल तर दुसऱ्या गावी जावं लागतं, बघा. आता राहिलं काय आमचं? तर ही पेटी. कोण कधी जन्मलं, कुणाचं कुणाशी लग्न लागलं, कोण दफनभूमीत कुठल्या रांगेत आहे, सगळं हिच्या पोटात.

ओल्टमान्स : तुम्ही नगरपालिकेचे केअरटेकर आहात, हेर श्टोल. तिची आई नाही.

श्टोल : एकतीस वर्षं या इमारतीत काढलीत. ही खोली गेली तर माझं अर्धं काम जातं. आणि अर्ध्या कामाला कुणी पूर्ण माणूस ठेवत नाही.

ओल्टमान्स : माहीत आहे. म्हणून तर आज जेवायला गेले नाही.

श्टोल : मग सापडतंय काही?

ओल्टमान्स : नाही.

श्टोल : मला तुमचं ते नीट कळत नाही, पण मी माझ्यापुरतं असं धरलंय. पेटी एकच आहे, तिच्यात यंत्रं अकरा, आणि ती दिसत नाहीत. म्हणजे एका घरात अकरा भाडेकरू, प्रत्येकाचं बिऱ्हाड वेगळं, चूल वेगळी. आणि रोज रात्री तुमचा बॅकअप दारोदार जाऊन प्रत्येकाच्या सामानाची नक्कल उतरवून घेतो. घराला उद्या आग लागली तरी सामान कसं होतं ते कळावं.

ओल्टमान्स : माझ्या साहेबांपेक्षा बरं सांगितलंत. रात्री दहाला निघतो. सहाच्या आत संपायला हवा. सध्या संपतो आठला दहा मिनिटं कमी असताना.

श्टोल : थोडा उशीर होतो, एवढंच.

ओल्टमान्स : थोडा? साडेसातला वरची खिडकी उघडते. तेव्हा हा नकलाच उतरवत असतो, आणि वरचे कॉम्प्युटर जागचे हलत नाहीत. मंगळवारी लग्नाची नोंद करायला आलेलं जोडपं वीस मिनिटं ताटकळलं. नवरी रडली.

श्टोल : ती त्यासाठी नाही रडली. नवरदेव सारखा घड्याळाकडे बघत होता, म्हणून रडली. मी तिथेच बल्ब बदलत होतो.

ओल्टमान्स : आणि गंमत म्हणजे दिवसा काही अडचण नाही. सोमवारी सकाळी चाचणी घेतली, अडीच तास. मंगळवारी, अडीच तास. काल, अडीच तासांना दोन मिनिटं कमी. तेच काम, तीच पेटी. रात्री मात्र आठ तासांत जेमतेम पाव काम होतं. आणि सकाळी सहाचा ठोका पडला की उठून धावायलाच लागतो.

श्टोल : झोपेतून जागा झाल्यासारखा.

ओल्टमान्स : म्हणजे रात्री दुसरं काहीतरी चालतं. कुणीतरी यंत्राला जुंपलेलं आहे, आणि ते सहाला सोडतं. डिस्क तपासल्या. केबल बदलल्या. विषाणू शोधणारा प्रोग्राम रात्री उठतो का, ते पाहिलं. काही नाही. अडतं ते प्रोसेसरपाशी, पण त्याच्यावर दुसऱ्या कुणाचंही ओझं नाही. चार दिवस मी त्या दुसऱ्या कुणाला शोधतेय.

श्टोल : मग एक रात्र थांबून का नाही बघत?

ओल्टमान्स : परवानगी नाही. रात्रपाळीसाठी कामगार समितीची संमती लागते. समितीची बैठक पुढच्या बुधवारी.

श्टोल : हे बाकी बरोबर आहे. नियम तो नियम.

ओल्टमान्स : आज तर सकाळ पण गेली. तुमच्या नगराध्यक्षांनी बारापर्यंत बसवून ठेवलं. चाचणी बाराला सुरू झाली. आता चाळीस टक्के.

श्टोल : मग नेहमीसारखीच चाललीय की.

ओल्टमान्स : अगदी नेहमीसारखी. तोच तर वैताग आहे.

(भिंतीवरच्या घड्याळात एक वाजतो. पेटीतल्या पंख्यांची घरघर हळूहळू विरत जाते.)

श्टोल : हं. झालं. आता सूप काढतो. डब्यात दोघांपुरतं आहे.

ओल्टमान्स : ऐका.

श्टोल : काय?

ओल्टमान्स : ऐका म्हटलं.

श्टोल : काहीच तर ऐकू येत नाही.

ओल्टमान्स : तेच म्हणतेय मी. आत्तापर्यंत येत होतं.

श्टोल : मग एक वाजला ना.

ओल्टमान्स : म्हणजे?

श्टोल : म्हणजे काय म्हणजे? एक वाजला. एक ते तीन दुपारची शांतता. तुमच्याकडे पाळत नाहीत?

ओल्टमान्स : आमच्याकडे माणसं पाळतात.

श्टोल : आमच्याकडे सगळे पाळतात.

ओल्टमान्स : बघा. आकडा बघा. मिनिटापूर्वी हा धावत होता, आता रांगतोय. रात्री रांगतो तसाच. हेर श्टोल, या पेटीला कुणी सांगितलं, एक वाजला म्हणून?

श्टोल : मी.

ओल्टमान्स : तुम्ही?

श्टोल : सूप निवतंय, बघा.

ओल्टमान्स : झाकण लावा त्याच्यावर. कसं सांगितलंत?

श्टोल : त्यात काय एवढं? फेब्रुवारीत ही नवी पेटी आली, तेव्हा बसवायला आलेल्या माणसानं एक पान उघडून दिलं. पेटीनं कुठल्या वेळेला किती वीज खायची ते ठरवता येतं. एक ते पाच आकडे. ओव्हनसारखं. वीज कमी खाल्ली की ती तापत नाही, तापली नाही की पंखे ओरडत नाहीत. दुपारी एक ते तीन, रात्री दहा ते सहा. रविवारी दिवसभर.

ओल्टमान्स : आणि आता आकडा किती आहे?

श्टोल : एक.

ओल्टमान्स : म्हणजे तुम्ही तिला उपाशी ठेवता आणि मग तिच्याकडून अकरा बिऱ्हाडं उपसून घेता.

श्टोल : उपाशी काय म्हणता! रात्री कोण पोटभर जेवतं?

ओल्टमान्स : मी चार दिवस शोधतेय की रात्री इथे काय चालतं. तुम्हाला विचारलं पण होतं. सोमवारी, याच खुर्चीत.

श्टोल : विचारलंत ना. मी म्हटलं, काही चालत नाही. खोटं बोललो का? काही चालू नये म्हणून तर एवढा बंदोबस्त.

ओल्टमान्स : देवा.

श्टोल : तुम्ही विचारायला हवं होतं की रात्री काय थांबतं.

ओल्टमान्स : ठीक आहे. ठीक आहे. मी रागावत नाही. उलट रकाना भरला. कारण सापडलं. ठरावीक वेळेत यंत्राच्या विजेवर मर्यादा घातलेली होती, मर्यादा काढून टाकली. बस्स. ट्रक रद्द. तुमची फरशी वाचली.

श्टोल : थांबा.

ओल्टमान्स : का?

श्टोल : ते लिहू नका.

ओल्टमान्स : हेर श्टोल, हे नाही लिहिलं तर रकाना कोरा राहतो.

श्टोल : ते लिहिलंत तर ते विचारतील, मर्यादा का घातली. मग मला सांगावं लागेल. आणि मी सांगितलं तर ट्रक सोमवारी नाही, उद्याच येईल.

ओल्टमान्स : का घातलीत मग? नुसतं दुपारच्या शांततेसाठी?

श्टोल : सुरुवातीला आकडा पाच होता. पाच म्हणजे सगळी मोकळीक. पाचवर राहिला असता माझ्या बाजूनं. पण शेजारणीची पत्रं आली.

ओल्टमान्स : कोण शेजारीण?

श्टोल : हळू बोला. फ्राउ रीगर. त्या भिंतीच्या पलीकडे त्यांची झोपायची खोली आहे. बाईंचं वय ऐंशीच्या पुढे, कान वीस वर्षांचे. पानं उडवायच्या यंत्राबद्दल मला तीन पत्रं आली होती त्यांची. कचऱ्याच्या डब्यांच्या चाकांबद्दल एक. चाकांना तेल घातल्यावर आभाराचं एक.

ओल्टमान्स : आणि पेटीबद्दल?

श्टोल : चार. आणि तीन वर्षांपूर्वीचा नगरसभेचा ठराव असा आहे की तळघरातल्या यंत्रांबद्दल शेजाऱ्यांची एकही लेखी तक्रार आली तर यंत्रं केंद्रात हलवायची. एकही, म्हणालोय मी. माझ्या खणात चार आहेत.

ओल्टमान्स : खणात?

श्टोल : पत्र आलं की त्याच दिवशी आकडा एकानं खाली. 'निकाली' असा शिक्का. खणात. किल्ली माझ्याकडे. वर कुणाला वास नाही लागला. खोली वाचवायची होती मला, फ्राउ ओल्टमान्स, दुसरं काही नाही.

ओल्टमान्स : तारखा सांगा.

श्टोल : कसल्या?

ओल्टमान्स : शिक्क्यांच्या. खण उघडा. माझ्यासमोर आलेख आहे. अकरा मार्चपर्यंत बॅकअप रात्री साडेबाराला संपतो. अकराला एकदम दोन वाजतात.

श्टोल : अकरा मार्च. पहिलं.

ओल्टमान्स : दोन एप्रिल. चार वाजले.

श्टोल : दोन एप्रिल. दुसरं.

ओल्टमान्स : सहा मे. पहिल्यांदा सहाच्या पुढे गेला.

श्टोल : हो.

ओल्टमान्स : दहा जून. मंगळवारच्या नवरीच्या आधीचा आठवडा.

श्टोल : वाचू नका पुढे. कळलं मला. खोली वाचवता वाचवता मीच ट्रक बोलावला.

ओल्टमान्स : तुम्ही त्यांच्याशी बोललात का कधी? शेजारणीशी?

श्टोल : रोज सकाळी भेटतो. त्या पाव आणायला जातात, मी फाटक उघडत असतो. नमस्कार-चमत्कार होतो.

ओल्टमान्स : आणि पत्रांबद्दल?

श्टोल : रस्त्यात? पत्राची गोष्ट रस्त्यात काढतात का कुणी? पत्राला उत्तर पत्रानं द्यायचं.

ओल्टमान्स : मग दिलंत?

श्टोल : दिलं म्हणजे! चारही वेळा, तीन दिवसांच्या आत. "आपल्या पत्राची दखल घेऊन योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे." पोस्टाचं तिकीट लावून. भिंतीपलीकडे असल्या म्हणून काय झालं?

ओल्टमान्स : दारात कोण आहे?

फ्राउ रीगर : मी आहे. या आठवड्याची झाडलोट माझ्याकडे आहे. जिना सामाईक आहे, त्यामुळे तळघराच्या दारापर्यंत यावंच लागतं. पाळीची पाटी माझ्या दारावर लावलेली आहे, कुणालाही बघता येईल.

श्टोल : फ्राउ रीगर! पण एक ते तीन…

फ्राउ रीगर : केरसुणी मऊ आहे, हेर श्टोल. तिचा आवाज होत नाही. तुमचा होतो. दुपारच्या शांततेत तुम्ही गेली दहा मिनिटं माझं नाव घेताय.

श्टोल : आम्ही आपलं कामाचं…

फ्राउ रीगर : माझ्या कानांचं वय वीस आहे, असंही ऐकलं. आभारी आहे. ती माझी पत्रं का?

ओल्टमान्स : आपलीच. मी फ्राउके ओल्टमान्स, केंद्राकडून आलेय. यंत्राचा आवाज होत होता, त्याचा आपल्याला त्रास झाला. त्याबद्दल…

फ्राउ रीगर : मला कसलाही त्रास झाला नाही.

श्टोल : आता झाला नाही, बरोबर. आकडा एकवर आहे ना.

फ्राउ रीगर : हेर श्टोल, तुम्ही पत्रं वाचलीत?

श्टोल : वाचली. हे काय, वरच लिहिलंय. विषय : तळघरातून रात्री येणारा आवाज. चारही पत्रांवर तेच.

फ्राउ रीगर : विषय वाचलात. त्याच्या खाली काय आहे?

श्टोल : खाली… खाली पत्र असतं.

फ्राउ रीगर : चष्मा वरच राहिलाय माझा. बाई, तुम्ही वाचून दाखवाल? पहिलं.

ओल्टमान्स : "माननीय महोदय, वरील विषयाबाबत कळवते की आपल्याकडे नवी सामग्री आल्यापासून सदर आवाज पूर्वीपेक्षा बराच कमी झाला आहे. आपल्याकडे काही बिघाड नाही ना, याची कृपया चौकशी करावी. आवाज पूर्ववत झाल्यास आभारी राहीन."

श्टोल : काय?

ओल्टमान्स : "आभारी राहीन. अ. रीगर."

श्टोल : दुसरं वाचा.

ओल्टमान्स : "माझ्या पत्रानंतर आपण योग्य ती कार्यवाही केल्याचं कळवलंत. तथापि कार्यवाहीनंतर आवाज आणखी कमी झाला आहे. कदाचित मला नीट लिहिता आलं नसावं."

श्टोल : तिसरं.

ओल्टमान्स : "आवाज कमी करावा अशी माझी मागणी नव्हती व नाही."

फ्राउ रीगर : त्या वाक्याखाली रेघ मारलेली आहे. पट्टीनं.

ओल्टमान्स : चौथं. "आता भिंतीतून काहीच ऐकू येत नाही. आपल्या कार्यवाहीला माझी हरकत असू शकत नाही. फक्त एवढंच कळवावं की हेर श्टोल यांची प्रकृती बरी आहे ना."

श्टोल : माझी प्रकृती?

फ्राउ रीगर : यंत्र तुम्ही बघता. यंत्राचा आवाज बंद झाला. मी दुसरं काय समजणार?

श्टोल : पण रोज सकाळी तर दिसायचो मी तुम्हाला. फाटकापाशी. ठणठणीत.

फ्राउ रीगर : दिसायचात. पण पत्राची गोष्ट रस्त्यात कशी काढायची?

ओल्टमान्स : मला जरा बसू द्या.

श्टोल : खुर्ची घ्या. फ्राउ रीगर, तुम्हीपण घ्या. पाय… राहू द्या, पाय राहू द्या. पण मला एक कळत नाही. आवाज हवा कशाला तुम्हाला? अख्खं गाव शांतता मागतं.

फ्राउ रीगर : तो माझा खासगी प्रश्न आहे.

श्टोल : हो, हो. माफ करा.

फ्राउ रीगर : मी रात्री तीनला उठते. गेली अठरा वर्षं, माझे यजमान गेल्यापासून. जपमाळ ओढते. आधी त्यांच्यासाठी एक, मग ज्यांच्यासाठी करणारं कुणी उरलं नाही त्यांच्यासाठी एक. एकटीनं मोठ्यानं म्हणायला संकोच वाटतो, आणि मनात म्हटलं की मध्येच डोळा लागतो. तुमच्या जुन्या पेटीचा आवाज भिंतीतून यायचा. चर्चमध्ये मागच्या बाकांवरून येतो ना, शब्द कळत नाहीत, नुसती पुटपुट, तसा. त्याच्याबरोबर म्हटलं की माळ पुरी व्हायची.

श्टोल : आणि आता?

फ्राउ रीगर : फेब्रुवारीपासून अर्ध्यात झोप लागते. दुसरी माळ तशीच राहते. सकाळी उठल्यावर बरं वाटत नाही. माझ्या भरवशावर आहेत ते लोक.

श्टोल : कुठले लोक?

फ्राउ रीगर : गावातलेच. उत्तरेकडच्या रांगेतले. ज्यांच्या थडग्यांवर फुलं नसतात.

श्टोल : ती रांग या पेटीत आहे, फ्राउ रीगर. नाव, तारीख, जागा. सातवा भाडेकरू. रोज रात्री त्याचीही नक्कल होते.

फ्राउ रीगर : मग माझा अंदाज फार चुकला नव्हता म्हणायचा.

ओल्टमान्स : दोन वाजत आले. हेर श्टोल, अहवाल. मला लिहायचं आहे.

श्टोल : लिहा.

ओल्टमान्स : काय लिहू?

श्टोल : जे आहे ते. केअरटेकर गेबहार्ड श्टोल यांनी चार पत्रं न वाचता निकाली काढली. चारही वेळा यंत्राची वीज कमी केली. बॅकअप त्यामुळे रेंगाळला. लिहा, मी सही करतो. एकतीस वर्षांत पहिल्यांदा सही करताना लाज वाटेल, वाटू दे.

फ्राउ रीगर : आणि माझी पत्रं सोबत जोडा. तक्रार एकही आलेली नाही, हे त्यांना दिसायला हवं.

ओल्टमान्स : वर कुणी काही वाचत नाही, फ्राउ रीगर. माझे साहेब पहिल्या रकान्यात बघतात. सापडलं की नाही सापडलं. पण जोडते. नगरसभेनं विचारलंच तर ठराव लागू होत नाही, हे कागदावर असू द्या.

श्टोल : म्हणजे ट्रक?

ओल्टमान्स : केंद्र म्हणेल, करून दाखवा. आज रात्रीचा बॅकअप सहाच्या आत संपला तर ट्रकचं कारण उरत नाही. आकडा पाचवर न्या.

श्टोल : आत्ता? तीन वाजू द्या की.

ओल्टमान्स : हेर श्टोल.

श्टोल : बरं, बरं. पण दुपारच्या शांततेत मी आवाज वाढवला, हे कुणाला सांगू नका. पाच. दाबलं. आता बघा, उठेल हळूहळू.

ओल्टमान्स : उठला. धावायला लागला.

श्टोल : फ्राउ रीगर, फार मोठा तर नाही ना वाटत?

फ्राउ रीगर : इथे मोठा आहे. भिंतीपलीकडे बरोबर येईल.

ओल्टमान्स : एक अडचण आहे. हा आवाज काम चालू असेपर्यंतच. जुनी पेटी रात्रभर घुमायची, ही तशी नाही. दहाला सुरू केला की साडेबाराला काम संपणार. मग पुन्हा शांत.

फ्राउ रीगर : साडेबाराला मी झोपलेली असते.

श्टोल : मग मुद्दाम हळू करता येणार नाही का थोडा? तीनवर ठेवू आकडा?

ओल्टमान्स : हळू करण्याचं नाव काढू नका आता. तीनला उठता म्हणालात ना, फ्राउ रीगर?

फ्राउ रीगर : तीनला. घड्याळ न लावता.

ओल्टमान्स : तीनला सुरू केला तर साडेपाचला संपतो. सहाची अट पाळली जाते.

श्टोल : अर्धाच तास हातात राहतो. काही अडलं तर?

ओल्टमान्स : अडलं तर सोमवारी ट्रक.

श्टोल : मग दहालाच ठेवणं शहाणपणाचं.

ओल्टमान्स : शहाणपणाचं दहालाच. तुम्ही सांगा. खोली तुमची आहे.

श्टोल : तीनला ठेवा.

फ्राउ रीगर : माझ्यासाठी धोका पत्करू नका. मी तशी मागणी केलेली नाही.

श्टोल : मागणी केलीत तेव्हा मी वाचली नाही. आता न मागता होऊ द्या.

ओल्टमान्स : तीन वाजता. बदललं. वेळ बदलल्याचं कारण लिहावं लागतं इथे.

श्टोल : तांत्रिक.

ओल्टमान्स : तांत्रिक नाही ते.

श्टोल : मग शेजाऱ्यांच्या लेखी विनंतीवरून लिहा. चार लेखी विनंत्या आहेत, आवक क्रमांकासकट.

ओल्टमान्स : हे चालेल. सही.

श्टोल : घ्या.

फ्राउ रीगर : मी निघते. दोन पायऱ्या राहिल्यात झाडायच्या. हेर श्टोल, एक विचारायचं होतं.

श्टोल : विचारा की. पत्र नका लिहू, आत्ताच विचारा.

फ्राउ रीगर : रविवारी? सणासुदीला? तेव्हाही चालतं ना हे?

श्टोल : आता रोज. नाताळच्या रात्रीसुद्धा. एक दिवस चुकला तर आधीच्या सगळ्या नकलांचा काही उपयोग नाही, असं या बाई म्हणतात.

फ्राउ रीगर : माझंही तसंच आहे.